गळा घडतो कुठं?

लोककलावंताचं चरित्र आपल्याकडं ठरलेल्या साच्यात लिहिलं जातं. घरात अठराविश्वे दारिद्र्य, शाळेशी गाठ नाही, पोटासाठी कोवळ्या वयात पायांत बांधलेले चाळ, मग कुणा जाणकाराच्या कानावर आवाज पडणं, मग गर्दी, मानपत्रं, राष्ट्रपतिपदक. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात लावणीचा कार्यक्रम असला की निवेदक हीच कहाणी सांगतो आणि सभागृह मनापासून टाळ्या वाजवतं. कहाणीतले तपशील खोटे नसतात. त्यांतून आपण काढतो तो अर्थ मात्र मला चुकीचा वाटतो. ‘इतक्या हलाखीतून ही बाई एवढी मोठी झाली’ असं म्हणताना तिच्या गळ्याचं श्रेय आपण हलाखीला आणि दैवी देणगीला वाटून टाकतो. ज्या तालमीनं तो गळा घडवला तिचं नावही घेत नाही. आणि जी गोष्ट दैवी देणगी ठरते तिची मजुरी द्यायला कुणीच बांधील नसतं. माझा सगळा आक्षेप इथं आहे.

विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण घेऊ, कारण पुणे जिल्ह्यानं याहून मोठी लोकगायिका दिलेली नाही. १९३५ साली पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. १९५७ आणि १९९० असं दोनदा त्यांना राष्ट्रपतिपदक मिळालं. ‘तमाशासम्राज्ञी’ हे नाव महाराष्ट्रानं त्यांना कसलाही वाद न घालता दिलं. त्यांची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं : शाळेत त्यांचं मन रमलं नाही, पण कसलंही रीतसर शिक्षण नसताना लहान वयातच त्या रंगमंचावर चमकल्या. आता या ‘रीतसर शिक्षण नसलेल्या’ मुलीचं घर पाहा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं गावोगाव गाजवला. म्हणजे विठाबाई ही या घराण्याची तिसरी पिढी. ख्याल गाणाऱ्या घरात तिसऱ्या पिढीत असा गळा निपजला असता तर आपण वंशावळ मांडली असती, आजोबांची गायकी आणि नातीची गायकी यांत काय साम्य आणि काय फरक, यावर परिसंवाद घेतले असते. जातीचं नाव मिरवणाऱ्या या फडाच्या बाबतीत मात्र ‘घराणं’ हा शब्दच आपल्याला सुचत नाही, आणि मग तीन पिढ्यांची विद्या गरिबीच्या खात्यात जमा होते.

फडात नेमकं काय शिकायला मिळतं, हे एकदा नीट मोजायला हवं. गणानं सुरुवात, मग गवळण, मग बतावणी, मग रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. एका रात्रीत पोरीनं भक्ती, थट्टा, शृंगार आणि शोक या सगळ्यांतून गळा फिरवायचा. उघड्या मैदानात, हजारोंच्या कोलाहलावरून शेवटच्या माणसापर्यंत शब्द स्पष्ट पोचला पाहिजे, म्हणून आवाज वरच्या पट्टीत टाकायचा आणि तरी तो चिरका होऊ द्यायचा नाही. ढोलकीवाला आयत्या वेळी लय बदलणार, तेव्हा नजरेच्या इशाऱ्यावर त्याच्याबरोबर जायचं. मागं झीलकरी सूर धरून उभे असतात. त्यांच्या सुरावर टेकायचं कधी आणि तो सोडून पुढं जायचं कधी, हे अंगात भिनावं लागतं. संगीत बारीतली बैठकीची लावणी तर याहून अवघड. बसून गायची, म्हणजे पायांचा आधार गेला. एकच ओळ पुनःपुन्हा घ्यायची आणि दर वेळी चेहऱ्यानं, बोटांनी, आवाजाच्या वळणानं तिला नवा अर्थ द्यायचा. तिला अदाकारी म्हणतात. यमन, पिलू, भैरवी हे राग या बायकांना शास्त्राच्या भाषेत सांगता येतातच असं नाही, पण गाताना त्यांचा सूर घसरत नाही. पुण्याच्या पेठांतल्या आर्यभूषण थिएटरात, चौफुल्याच्या आणि सणसवाडीच्या कलाकेंद्रांत हे वर्षानुवर्षं चाललं. थोरलीनं धाकटीला, आईनं लेकीला, मावशीनं भाचीला शिकवलं. परीक्षा रोजची होती. गाणं पडलं तर समोरचा रसिक उठून दुसऱ्या पार्टीकडं जायचा.

याला शाळा न म्हणण्याचं कारण एकच दिसतं. शिकवणाऱ्या कोण होत्या, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुण्याला हे सहज कळावं म्हणून दोन बालपणं शेजारी ठेवतो. १९३३ साली गदगच्या एका शिक्षकाचा अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. खिशात तिकिटाचे पैसे नव्हते. गाडीत प्रवाशांना गाणं ऐकवत, मिळेल ते खात तो उत्तरेत भटकला, मग कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहिला, पाणी भरलं, पडेल ते काम केलं. १९४६ मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीला पुण्यात हिराबागेत तो गायला आणि लोक त्याला ओळखू लागले. पुढं पंडित भीमसेन जोशी या शहराचे झाले, भारतरत्न झाले. त्यांचे ते आगगाडीतले दिवस आपण सांगतो ते साधना म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

त्यांच्या जन्माआधी सहा वर्षं, १९१५ च्या डिसेंबरात, सातारा जिल्ह्यात कोल्हाटी समाजात यमुनाबाई जन्मल्या. आईबरोबर गावोगाव फिरत, रस्त्यावर गाऊन-नाचून चार पैसे मिळवत त्यांचं लहानपण गेलं. मग तमाशाचा फड, मग बहिणींना घेऊन स्वतःची पार्टी. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांच्या तोडीची अदाकारी करणारं माणूस मागच्या शतकात क्वचित झालं. बिरजू महाराजांसारखा नर्तक त्यांच्या लावणीवर भाव करायला उभा राहिला. १९९५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये वाईत त्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. त्यांचं बालपण आपण कसं सांगतो? ‘भीक मागत होत्या’ असं. एकानं गाडीत गाऊन पैसे मिळवले ती साधना आणि दुसरीनं रस्त्यावर गाऊन मिळवले ती भीक, हा फरक दोघांच्या गाण्यात नाही. आईच्या शेजारी उभं राहून ती मुलगी जे शिकत होती, ती तालीमच होती.

भीमसेनजींची थोरवी उणी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या कष्टांकडं पाहण्याची जी नजर या शहराकडं आहे, तीच वाईकडं आणि नारायणगावाकडंही वळावी, एवढंच म्हणणं आहे.

ही नजर पुण्याला नवी नाही, उलट ती हरवली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात लावणी दरबारात होती. होनाजी पुण्यातला गवळी, बाळा त्याचा गाणारा जोडीदार. सगनभाऊ मुसलमान, परशराम सिन्नरचा शिंपी, राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण. नाना जातींची ही माणसं एकाच कवितेत काम करत होती. पेशवाई गेली आणि आश्रयदाता गेला, तसा गाणाऱ्या बायकांचा रस्ता पेठेच्या कडेला सरकला. होनाजीची भूपाळी मात्र घराघरांत पहाटेच्या भक्तीत जाऊन बसली. ती लावणीकाराची आहे, हे कित्येकांना ठाऊकही नसतं. तेव्हापासून पुण्याचा एक शिरस्ता पडला असं मला वाटतं. गाणं घरात घ्यायचं, गाणारीला दाराशी थांबवायचं.

स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांत बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग सुधारणा सुचवायला समिती बसली आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याचे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार. बंदी उठली, पण अटी आल्या, संहिता तपासून घेणं आलं. कलेचा न्याय करायला विद्वान बसले, आणि ज्यांनी ती कला अंगावर पेलली त्यांच्याकडं गुन्ह्याचा खुलासा मागितल्यासारखं पाहिलं गेलं. त्यानंतर काहीच वर्षांत, १९५९ मध्ये, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. तमाशातल्या बाईची ती गोष्ट पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये अडीच वर्षं चालली. लावण्या ग. दि. माडगूळकरांच्या, ज्यांचं ‘गीतरामायण’ चारच वर्षांपूर्वी पुणे आकाशवाणीवरून घरोघर ऐकलं गेलं होतं. चाली वसंत पवारांच्या, आवाज आशा भोसले यांचा. सगळंच अव्वल दर्जाचं. पण बघा काय घडलं. फडात एकाच बाईच्या ठायी असलेला गळा, अदा आणि पाय पडद्यावर तीन ठिकाणी वाटले गेले. आवाज स्टुडिओतला, चेहरा नटीचा, शब्द कवीचा. मध्यमवर्गाला लावणी मिळाली, लावणी गाणारीला टाळून. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन ध्वनिक्षेपकासमोर लावणी गायल्या, फार सुरेख गायल्या, आणि घराघरांतल्या बायकांनी ती मोकळेपणानं ऐकली. तो पदर त्यांच्या स्वतःच्या संस्काराचा होता, त्याबद्दल त्यांचा आदरच वाटतो. पण समाजाला त्या पदराची एवढी गरज का भासली, हे विचारायला हवं होतं.

आता त्या प्रसंगाकडं येतो, ज्याच्याशिवाय विठाबाईंवरचा एकही लेख पुरा होत नाही. नऊ महिने भरलेले, खेळ रंगात आलेला, आणि त्यांना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि उरलेला खेळ पुरा करायला पुन्हा बाहेर आल्या. पोट उतरलेलं पाहून प्रेक्षकांच्या ध्यानात आलं, त्यांनी हात जोडून खेळ थांबवला. हा प्रसंग कलेवरच्या निष्ठेचा म्हणून सांगितला जातो. निष्ठा होतीच. पण याच घटनेकडं कामगाराच्या बाजूनं पाहा. एक बाई बाळंतपणाच्या दिवशीही कामावर आहे, कारण ती उभी राहिली नाही तर खेळ नाही, खेळ नाही तर सुपारी बुडाली, सुपारी बुडाली तर फडातल्या तीस-चाळीस पोटांचं काय? १९६१ साली मातृत्व लाभ कायदा आला तो कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी. १९७३ च्या दुरुस्तीनं घोड्यांचे, कसरतींचे आणि इतर खेळ करणाऱ्या संस्थाही त्यात घेतल्या, म्हणजे सर्कशीतल्या बाईची आठवण कायद्याला झाली. फडातली बाई त्या ‘इतर खेळां’त व्यवहारात धरली गेली नाही. ती कलावंत ठरली, आणि कलावंताला रजा लागते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपण डोळे पुसत ऐकतो ती गोष्ट खरं तर एका गैरसोयीची नोंद आहे, आणि ती दूर करणं आपल्या हातात होतं.

२००२ च्या जानेवारीत विठाबाई गेल्या. त्यांच्या दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. चार वर्षांनी राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार योग्यच आहे, पण हा क्रम मला अस्वस्थ करतो.

इथं एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. फडाला शाळा म्हणून मी जातीनं लादलेल्या धंद्याला गोंडस नाव देतो आहे का? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच फार ठामपणे विचारला गेला आहे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जानवं बाजूला ठेवून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या रचना गाजल्या त्या संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाईच्या गळ्यानं आणि रूपानं. पवळा महार समाजातली. मुंबईत त्यांच्या खेळांना लोटणाऱ्या गर्दीच्या कथा अजून सांगतात. महाडच्या लढ्याच्या सुमारास बापूरावांनी खेळांचं उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. त्यापुढं उत्तर देण्यासारखं बापूरावांकडं काही नव्हतं आणि माझ्याकडंही नाही. बापूराव १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत वारले. तरीही आज मुंबईत एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. पवळेची आठवण काढायला अभ्यासक यावे लागले. त्यांतल्या एक, येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढलेल्या आणि २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या शैलजा पाईक. त्यांच्या संशोधनाचा गाभाच हा आहे की तमाशातल्या दलित बाईवर अश्लीलतेचा शिक्का मारूनच इतरांची प्रतिष्ठा उभी राहिली, आणि त्या बाईनं त्याच व्यवसायात राहून माणूसपणासाठी झगडा दिला.

तेव्हा या शाळेत प्रवेश जन्मानं होता आणि दार बाहेरून बंद होतं, हे मान्यच केलं पाहिजे. यमुनाबाईंच्या समाजातल्या मुलीला चाळ बांधायचे की नाही, हे तिला विचारलं जात नव्हतं. कुठल्याही मुलीवर ते पुन्हा येऊ नये. पण सक्ती वाईट होती म्हणून विद्या खोटी ठरत नाही. खुद्द आंबेडकरी चळवळीनं हे फार नेमकं ओळखलं. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, नाचणारी बाई आणि गणपतीचा गण वगळला, आणि तीच ढोलकी, तोच संवाद, तीच सूर झेलण्याची रीत प्रबोधनाला जुंपली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकले आणि पुढं हजारो गाणी रचत गावोगाव गायले. त्यांचा मोठेपणा गिरणगावाच्या चाळींत, जलशांत, माणसांत घडला. कॅसेटच्या काळात घराघरांत पोचलेला प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाजही असाच रस्त्यावरच्या आणि वस्तीतल्या गाण्यातून आलेला. कलेची विद्या सक्तीपासून वेगळी काढता येते, हे या लोकांनी करून दाखवलं. आपण, म्हणजे ज्यांच्याकडं विद्यापीठं, नाट्यगृहं आणि अनुदानं आहेत त्यांनी, ते केलेलं नाही.

जगात दुसरीकडं हे कसं घडलं, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कंट्री गाण्याची सगळी कीर्तीच ‘खेड्यातल्या गरीब घरातून’ या गोष्टीवर उभी आहे. टेनेसीच्या डोंगराळ भागात १९४६ साली जन्मलेली डॉली पार्टन बारा भावंडांतली चौथी. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला बापानं पिठाचं पोतं दिलं, ही गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत आहे. आजोबा धर्मोपदेशक, आईच्या तोंडी जुनी गाणी, चर्चमध्ये लहानपणापासून गाणं. म्हणजे शाळा तिथंही होतीच. पण डॉली पार्टनला विठाबाईंपासून वेगळं केलं ते एका कागदानं. १९७४ मध्ये तिचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकानं गाण्याच्या निम्म्या हक्कांची अट घातली. त्या काळी प्रेस्लीनं आपलं गाणं गावं, यासाठी कुणीही काहीही दिलं असतं. तिनं नकार दिला. १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ सिनेमात व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं, ते जगभर गाजलं आणि त्याचं मोल मूळ लिहिणारीकडं आलं.

त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट उलटी आहे. १९२७ मध्ये ब्रिस्टलला पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालेलं कार्टर कुटुंब कंट्री गाण्याचं मूळ पीठ मानलं जातं. त्या घरातले ए. पी. कार्टर पुढं खेडोपाडी हिंडून गाणी गोळा करत, तेव्हा बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असे. शब्द कार्टर टिपून घेत, चाल रिडलच्या डोक्यात राही. गाणी छापली गेली कार्टर यांच्या नावानं. रिडल कित्येक दशकं अंधारात राहिला. एकाच मुलखातल्या एकाच गाण्यात एकीला हक्क मिळाले आणि दुसऱ्याला नाही. दोघांच्या आवाजाची किंवा कष्टांची तुलना करून याचा उलगडा होत नाही. कागदावर सही कुणाची होती आणि ती करण्याची ताकद समाजानं कुणाला दिली होती, तिथंच तो होतो.

आपल्याकडं कायदा अगदीच आंधळा नाही. सादर करणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क १९९४ पासून आपल्या कॉपीराइट कायद्यात आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनं व्यापारी वापरात त्याला मोबदल्याचा वाटाही दिला. पण आज जत्रेत फड लागला की पहिल्या गवळणीपासून शंभर मोबाइल वर होतात. रात्रीतून गाणं कुणाच्या तरी वाहिनीवर चढतं, लाखो लोक बघतात, जाहिरातींचा पैसा त्या वाहिनीला मिळतो. गाणारीला प्रसिद्धी मिळाली असं सगळे म्हणतात, आणि ती प्रसिद्धी तिला पुढच्या वर्षीच्या उचलीत दोन पैसे वाढवून मिळवून देते, बस. हीच उचल पुन्हा तिच्या अंगावरचं कर्ज असते. त्यात ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा. आजारी माणसांना आणि अभ्यास करणाऱ्या पोरांना झोप हवी, हे खरंच आहे, आणि तो नियम मला मान्य आहे. पण रात्रभराचा खेळ दोन-अडीच तासांत कोंबताना पहिला बळी गेला तो वगाचा. वग गेला म्हणजे गायिकेला जिथं खरं काम होतं, शोक, आक्रोश, संवादातून उमटणारं गाणं, ते गेलं. राहिली चार सिनेमाची गाणी. मग आपणच म्हणायचं, आता पूर्वीसारखे गळे राहिले नाहीत.

म्हातारपणासाठी सरकारची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये ती रक्कम सरसकट महिना ५००० रुपये झाली. आधीच्या प्रतवारीपेक्षा हे बरं. तरी ज्या बाईकडं शंभरेक जुन्या लावण्या चालींसह तोंडपाठ आहेत तिला उपकाराचं मानधन देऊन घरी बसवणं, ही बुद्धी कुठली? तिला शिकवायला बसवायला हवं आणि शिकवण्याचा पगार द्यायला हवा. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शास्त्रीय गायन आणि नृत्य गुरुकुल पद्धतीनं शिकवलं जातं, गुरूला पदवी विचारण्याआधी विद्या विचारली जाते. हीच पद्धत बैठकीच्या लावणीला लावायला काय हरकत आहे? ढोलकीवाला, पेटीवाला आणि थोरली गायिका अशी पुरी बारी गुरू म्हणून नेमावी. शिकायला कुठल्याही जातीची, कुठल्याही घरची मुलं-मुली यावीत. गुलाबबाई संगमनेरकर २०२२ मध्ये गेल्या, पुण्यातच. त्यांच्याबरोबर अदाकारीचा केवढा साठा गेला, याचा हिशेब आपल्यापैकी कुणी मांडला नाही. भूषण कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ या पुस्तकात आणि पुढं सावित्री मेधातुल यांच्यासह रंगमंचावर या बायकांना त्यांच्या कलेच्या भाषेत बोलू दिलं, तेव्हा शहरी प्रेक्षक चकित होऊन ऐकत राहिला. दोन-तीन माणसांच्या जिद्दीवर किती दिवस भागवायचं?

आणि गायिका कमावती आहे, तोवरचं काय? त्याची सुरुवात नारायणगावातच करता येईल. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, फडमालकाशी बोलणी होतात, सुपारी ठरते, कागद होतो. त्या कागदावर गाव, तारीख आणि रक्कम असते. जिच्या नावावर ती रक्कम ठरली, तिचं नाव जाहिरातीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत असतं, पण व्यवहार दोन पुरुषांमध्ये पार पडतो. फडमालकांनाही मी दोषी धरत नाही. सावकाराचं व्याज आणि पावसाची धास्ती यांच्यामध्ये तेही पिचलेले असतात, आणि कित्येक फड स्वतः कलावंत बायकाच चालवतात. पण त्या कागदात तीन ओळी वाढवता येतील : मुख्य कलावंतांची नावं आणि प्रत्येकीचा ठरलेला वाटा, खेळाचं चित्रण कुणी करायचं आणि त्याच्या कमाईतला हिस्सा कुणाला, गरोदर किंवा आजारी बाईच्या जागी दुसरी उभी राहिली तर सुपारी कापायची नाही. जिल्हा प्रशासनानं असा मराठीतला नमुना करार छापून राहुट्यांत वाटावा, शेजारी विमा आणि मानधनाचे अर्ज भरून घेणारा एक माणूस बसवावा. खर्च एका मांडवाचा आणि दोन कारकुनांच्या भत्त्याचा. येत्या चैत्रात एका फडानं आणि एका यात्रा कमिटीनं अशा कागदावर सह्या केल्या, तरी शेजारच्या राहुटीतल्या बाया त्याची विचारणा केल्याशिवाय राहणार नाहीत.